नवजाताचा मेंदू आणि प्रौढांचे औषध

जन्माच्या वेळी गुदमरलेल्या अर्भकाला पुढच्या काही तासांत झटके येऊ लागतात. फेनोबार्बिटोन टोचले की बहुधा ते शांत होते. हातपाय थांबले म्हणजे आकडी थांबली, असे मानणे साहजिक असले तरी ते पुष्कळदा चुकीचे ठरते. मेंदूचा विद्युत् आलेख काढला असता, बाहेरून निश्चल दिसणाऱ्या बाळाच्या मेंदूत झटके चालूच असल्याचे आढळते. या विसंगतीचे मूळ नवजाताच्या मेंदूच्या घडणीत आहे.

मेंदूत संदेश पोहोचविणारी काही रसायने चेतापेशींना उत्तेजित करतात, तर काही त्यांना आवरतात. आवरणाऱ्यांत प्रमुख ‘गॅबा’. मेंदूतील त्याचे अस्तित्व 1950 साली उजेडात आले. गॅबा पेशीच्या आवरणातील क्लोराइडची दारे उघडतो. प्रौढ पेशीत क्लोराइड कमी असल्याने ते बाहेरून आत येते, ऋण विद्युत्भार वाढतो आणि पेशी शांत होते. फेनोबार्बिटोन ही दारे अधिक काळ उघडी ठेवते. 1912 पासून अपस्मारावर वापरल्या जाणाऱ्या या औषधाची मुख्य करामत ती हीच.

परंतु दार उघडल्यावर प्रवाह कोणत्या दिशेने वाहील हे दारावर नव्हे, दोन्ही बाजूंच्या पातळीवर ठरते. पाटबंधाऱ्याची मोरी पाहिलेल्याला हे सांगावे लागत नाही. नवजात पेशीत क्लोराइड आत खेचणारा ‘एनकेसीसी-1’ हा वाहक जोमात असतो, आणि ते बाहेर टाकणारा ‘केसीसी-2’ पुरता विकसित झालेला नसतो. त्यामुळे आतली पातळी चढलेली राहते. दार उघडताच क्लोराइड बाहेर पडते आणि आवरणारे रसायनच पेशीला चेतवू शकते. फ्रान्समधील येहेझ्केल बेन-आरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये उंदरांच्या पिलांच्या मेंदूत हे दाखविले. मेंदूच्या वाढीला या चेतावणीची गरज असते, म्हणून हा निसर्गाचा प्रमाद म्हणता येत नाही. सर्व भाग एकाच वेळी प्रौढ होत नाहीत, ही त्यातली आणखी एक मेख. उंदरांवरील 2009 च्या एका अभ्यासात फेनोबार्बिटोनने मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस शांत झाला, पण वरच्या स्तरातील वादळ चालूच राहिले. अवयव थांबावेत आणि आलेख थांबू नये, याचा एक संभाव्य खुलासा यात मिळतो.

म्हणून फेनोबार्बिटोन निरुपयोगी ठरविणे हा मात्र उतावीळपणा होईल. 1999 च्या अमेरिकी चाचणीत ते निम्म्याहून कमी बाळांत यशस्वी झाले होते, आणि निष्पत्ती औषधापेक्षा झटक्यांच्या तीव्रतेवर अधिक अवलंबून होती. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने 80 टक्के बाळांचे झटके चोवीस तास रोखले. लेव्हेटिरासेटाम या नव्या औषधाला 28 टक्क्यांतच यश आले.

आतली पातळीच उतरवावी, हा पुढचा विचार तर्कशुद्ध होता. ब्युमेटानाइड हे लघवी वाढविणारे जुने औषध एनकेसीसी-1 ला अडविते. युरोपातील त्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2015 च्या अहवालानुसार जगलेल्या 11 बाळांपैकी 3 बाळांना श्रवणदोष आढळला. मेंदूत हे औषध पोहोचतेही अल्प. बोस्टनच्या 2021 च्या छोट्या चाचणीत झटक्यांचा भार काहीसा उतरला, पण तेवढ्यावर निर्वाळा देता येत नाही.

येथे प्रश्न अर्थशास्त्राच्या प्रांतात येतो. जुन्या औषधाच्या पेटंटची मुदत संपलेली, ग्राहक काही दिवसांचा आणि संख्येने थोडा. अशा संशोधनात खाजगी भांडवल उतरेल ही अपेक्षा भाबडी आहे. युरोपातील ती चाचणीही सार्वजनिक पैशावरच उभी राहिली होती. बाजाराने सोडलेली ही जागा सरकारी तिजोरीने भरायची, आणि त्यात अपयशी चाचण्यांचा खर्चही धरायचा.

तोवर निदान झटके दिसले तरी पाहिजेत. सलग पूर्ण आलेख काढून तो वाचणारा तज्ज्ञ जिल्हा पातळीवर क्वचितच मिळतो. त्यापेक्षा सोपे, थोड्याच तारांचे यंत्र बाळाच्या डोक्याला तासन्‌तास लावून ठेवता येते आणि प्रशिक्षित परिचारिकेला त्याची रेघ वाचता येते. अल्पकाळचे झटके त्यातून निसटतात; दीर्घकाळ चालणारे, निश्चल देहाआडचे झटके मात्र पुष्कळदा त्यावर उमटतात.