बळाचे तीन झरे

मनुष्य मोठा होतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न वर्गांत विचारला असतां उत्तरें ठराविक येतात. कोणी म्हणतो, शरीराच्या. कोणी म्हणतो, मनाच्या निश्चयाच्या. आणि एखादा चतुर विद्यार्थी शिक्षकांच्या मुद्रेकडे पाहून ‘सत्संगतीच्या’ असें सांगतो. तीनही उत्तरें खरीं आहेत. परंतु तीं एकमेकांशीं कशीं जोडलेलीं आहेत, हें क्वचितच कोणी सांगतो. तेंच या लेखांत पाहावयाचें आहे. त्यासाठीं परदेशींच्या थोर पुरुषांचीं चरित्रें उघडण्याचें कारण नाहीं. उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतलें आहे.

चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही नांवाचें एक खेडें आहे. नाशिक जिल्ह्याचा हा पूर्वभाग अवर्षणाचा. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांवर मेघ रिते होतात, आणि चांदवडच्या माळावर पोहोंचेपर्यंत त्यांत फारसें कांहीं उरत नाहीं. येथें १९९१ सालीं दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म झाला. वडील विहिरी खोदण्याचें काम करीत, आणि मुलगाही त्यांच्या जोडीनें खडक फोडूं लागला. २०११ सालीं वडील निवर्तले. घराचा भार तरुण दत्तूवर पडला. पुढच्या वर्षीं ते सैन्यांत भरती झाले. पुण्यास सैन्याच्या केंद्रांत त्यांची उंची पाहून त्यांस नाव वल्हविण्याच्या खेळांत घालण्यांत आलें. पाण्याच्या शोधार्थ खडक फोडणाऱ्या या तरुणास आरंभीं पाण्याचीच भीति वाटे! तथापि चारच वर्षांनीं, २०१६ सालीं, रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत एकट्यानें वल्हवावयाच्या नावेच्या शर्यतींत ते भारतातर्फें उतरले, आणि जगांत तेरावे आले.

आतां या उन्नतीचें मूळ शोधूं. विहिरीचें काम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ठाऊक असतें कीं, चांगल्या विहिरीस एकच झरा नसतो. एक झरा मंदावला तर दुसरा पाणी पुरवितो. पण सर्वच बुजले तर विहीर कितीही खोल असली तरी कोरडी. मनुष्याच्या बळाचेंही तसेंच आहे.

पहिला झरा शरीराचा. वल्हविण्याची शर्यत दोन हजार मीटरांची असते. एकट्याच्या नावेस तें अंतर तोडावयास सुमारें सात मिनिटें लागतात, आणि तेवढ्या अवधींत पाय, पाठ, खांदे व हात यांतील एकही स्नायु रिकामा राहत नाहीं. हें बळ अन्नांतून येतें, श्रमानें वाढतें आणि झोपेंत दृढ होतें. श्रमानें स्नायु झिजतो, विश्रांतींत तो भरून निघतो व पूर्वीपेक्षां थोडा बळकट होतो. म्हणून श्रमावांचून विश्रांति जशी व्यर्थ, तशीच विश्रांतीवांचून श्रमही व्यर्थ. हा नियम केवळ मल्लांसाठीं आहे असें पुस्तकी विद्यार्थ्यांनीं समजूं नये. आपला मेंदु वजनानें शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाइतका. पण शरीर स्वस्थ असतांना जेवढी शक्ति खर्च होते, तिचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. उपाशीं पोटीं शाळेंत येणारा आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणारा मुलगा आळशी नसतो. त्याचा पहिला झराच आटलेला असतो.

दुसरा झरा भावनेचा. भीति वाटली कीं हृदय जलद धडधडूं लागतें, श्वास वाढतो, रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. ही निसर्गानें केलेली तयारी आहे. घटकाभराची भीति मनुष्यास सावध करते. तीच महिनोन् महिने मनांत राहिली तर झोंप उडविते, भूक मारते आणि पहिल्या झऱ्याचेंही पाणी शोषून घेते. म्हणून भीति नाहींशी करण्यापेक्षां तिला कामास लावणें हेंच शहाणपणाचें. २०१६ सालीं ऑलिंपिकच्या पात्रतेसाठीं कोरियास जाण्याच्या सुमारास दत्तूंच्या मातोश्रींस अपघातांत डोक्यास गंभीर दुखापत झाली. मुलाच्या यशाची वार्ता समजण्याच्या स्थितींतही त्या नव्हत्या. अशा वेळीं दुःख नाहींसें करतां येत नाहीं. परंतु ‘आईसाठीं’ हा एक शब्द त्या दुःखास दिशा देऊं शकतो. दिशा मिळालेलें दुःख मनुष्यास बुडवीत नाहीं.

तिसरा झरा सहवासाचा, आणि याच झऱ्याविषयीं आपण सर्वांत कमी विचार करतों. २०१८ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांतील वल्हविण्याच्या शर्यती इंडोनेशियांतील पालेंबांग येथें झाल्या. २३ ऑगस्ट रोजीं दत्तू एकट्याच्या नावेच्या अंतिम शर्यतींत उतरले. प्रकृति बिघडलेली होती. अर्ध्या वाटेंत बळ संपलें. कशीबशी त्यांनीं शर्यत पुरी केली, पण ते सर्वांच्या शेवटीं आले. एवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर आपण त्यांचें नांवही विसरलों असतों. दुसऱ्याच दिवशीं चौघांच्या नावेची शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग या सोबत्यांसह दत्तू पुन्हां नावेंत बसले, आणि त्या नावेनें सुवर्णपदक जिंकलें!

सोबत्यांनीं एका रात्रींत आजार बरा केला, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. आणि आजारी शरीरास नेहमींच असें राबवावें, असाही याचा अर्थ नव्हे. अर्थ इतकाच कीं, चौघांच्या नावेंत प्रत्येकाच्या हातीं दोन वल्हीं असतात, आणि आठही वल्हीं एका क्षणीं पाण्यांत पडावीं लागतात. एकानें घाई केली तर नाव मंदावते. एकजण थकला आणि त्यानें लय सोडली नाहीं, तर ती पुढें जात राहते. दुसऱ्याच्या लयींत आपली लय मिळाली म्हणजे थकलेल्या माणसासही आधार मिळतो. शिवाय दुसऱ्या दिवशीं आपली जागा रिकामी ठेवली असती, तर तिघांचें वर्षानुवर्षांचें श्रम फुकट गेले असते, ही जाणीवही बळ देणारीच.

वल्हविणारा मनुष्य पाठमोरा बसतो. शर्यतीची शेवटची रेषा त्यास दिसत नाहीं, मागें पडलेलें पाणी तेवढें दिसतें. आपलीही स्थिति पुष्कळदां अशीच असते. पुढें काय आहे तें दिसत नाहीं, आणि कालचें अपयश मात्र डोळ्यांसमोर पसरलेलें असतें. अशा वेळीं ‘मी दुर्बल आहें’ असा निकाल स्वतःविरुद्ध देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: मीं नीट जेवून-झोपून घेतलें आहे काय? माझ्या भीतीस मीं कांहीं काम दिलें आहे काय? आणि माझें ओझें मीं एकट्यानेंच तर उचलीत नाहीं ना?

वसतिगृहांतील मोठ्या मुलांस एक विनंति आहे. पेठ, सुरगाणा, चांदवड अशा दूरच्या गांवांहून आलेला एखादा लहान मुलगा पहिल्या चांचणींत मागें पडला, तर त्यास मंद म्हणूं नका. त्याच्याशेजारीं बसून अर्धा तास अभ्यास करा. त्याचा कोणता झरा बुजला आहे हें तुम्हांस कदाचित् कळणार नाहीं. परंतु तिसरा झरा मोकळा करणें तुमच्या हातीं आहे.