शिवजयंतीची मिरवणूक आणि खरा जामा

१९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीसाठी पुतण्याने भाड्याने पोशाख आणला. चकचकीत पॉलिस्टर, वर पुणेरी पगडी! त्याला म्हटलं, थांब बाबा, ही पगडी शिवकाळाच्या कितीतरी नंतरची.

आमच्या साखरा गावात पोशाख करायला उत्साह भरपूर, म्हणून थोडं सांगतो. जुन्या वेशभूषा हा माझा आवडीचा विषय आहे.

सतराव्या शतकातली महाराजांची चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. मी ती इंटरनेटवर मोठी करून तासन्‌तास पाहिली आहेत. अंगात घेरदार जामा, कमरेला पटका, डोक्यावर पागोटं.

जामा शिवताना बंदांकडे लक्ष द्या. त्या काळी हिंदू साधारणपणे डाव्या बगलेत बंद बांधत आणि मुसलमान उजव्या. हे बारीकसं आहे, पण मला फार मोलाचं वाटतं.

कापड सुतीच घ्या. सरदार व्हायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीच्या औरंगाबादचा) हिमरू बघा, सूत आणि रेशीम मिसळून विणलेला. आपल्याच मराठवाड्याचा! मावळ्याला मात्र साधं मुंडासं, बाराबंदी आणि घट्ट कमरबंद पुरे.

मुलींनो, शिवलेली नऊवारी घेऊ नका. आजीकडून कासोटा शिका. दोन-तीनदा नेसून, चालून बघा, म्हणजे मिरवणुकीत निऱ्या सुटत नाहीत.

पुतण्याचा जामा आता मीच शिवतोय. मापं, कापड, बंद, काहीही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.