डबल स्टँडचा मागोवा

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात मोटारसायकल आधी शेताची असते, मग गावाला जाण्याची. मागच्या सीटवर कधी संत्र्याचे क्रेट, कधी खताची गोणी, कधी दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. त्यामुळे गाडी उभी कशी राहते, याला इथे फार महत्त्व आहे. तरीही सेंटर स्टँड, म्हणजे आपला डबल स्टँड, हवा की नको हा वाद तसा अलीकडचाच. त्याआधी वाद व्हायला कारणच नव्हतं.

राजदूत, येझदी आणि बुलेटच्या काळात डबल स्टँड गाडीबरोबरच यायचा. बुलेट तर अनेक जण डबल स्टँडवर चढवूनच किक मारायचे; थंडीच्या सकाळी दहा-बारा किका माराव्या लागल्या तरी गाडी जागची हलत नसे. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 साली स्प्लेंडर. गाड्या हलक्या झाल्या, पण स्टँड टिकला. शिवाय त्यांची चेन पूर्ण बंद कव्हरमध्ये, धूळ-चिखलापासून सांभाळलेली. 2001 साली पल्सर आली, तीही डबल स्टँड घेऊनच.

फाटा फुटला 2012 साली. त्या वर्षी केटीएमची ड्यूक 200 आणि बजाजची पल्सर 200 एनएस या दोन्ही गाड्या फक्त साइड स्टँडवर आल्या. दोघींचा सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली होता, तिथे स्टँडला जागाच नव्हती. वजन दोन-तीन किलोंनी कमी होतं आणि वळणावर झुकताना खाली घासायला काही उरत नाही, हीही कारणं होती. शर्यतीच्या रस्त्यावर ती रास्त आहेत. पण हाच विचार पुढे लांबच्या प्रवासाच्या गाड्यांतही उतरला. 2016 च्या डिसेंबरात आलेली डोमिनार 400 डबल स्टँडशिवाय आली आणि 2023 ची ट्रायम्फ स्पीड 400 सुद्धा. रॉयल एनफिल्डने 2016 च्या हिमालयनला स्टँड दिला होता. 2023 च्या नव्या हिमालयनला मात्र तो वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. क्लासिक 350 आणि होंडाच्या हायनेसने तो सोडला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

याच वर्षांत आपलं फिरणं वाढलं. 2015 च्या अखेरीस नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज बंद झाली आणि पुढची काही वर्षं सौंसरकरांना नागपूरसाठी रस्त्याशिवाय मार्ग नव्हता. किलोमीटर वाढले, आणि नव्या गाड्यांची चेन उघडी.

उघडी चेन दर पाचशे-सहाशे किलोमीटरला पुसून तिला ल्यूब द्यावं लागतं, ताण बघावा लागतो. त्यासाठी मागचं चाक फिरलं पाहिजे. डबल स्टँड असेल तर एकटा माणूस अंगणात पंधरा मिनिटांत हे काम उरकतो. नसेल तर गाडी वीतभर ढकला, वाका, पुसा, पुन्हा ढकला. मग माणूस कंटाळतो, काम पुढच्या आठवड्यावर जातं, आणि वेळेआधी चेन-स्प्रोकेटचा अख्खा सेट बदलायची पाळी येते. मागचं चाक उचलून धरणारा सुटा पॅडॉक स्टँड आणता येतो, पण तो घरीच राहतो. रस्त्यात त्याचा उपयोग नाही.

पंक्चरचंही तसंच. आपल्याकडचे मिस्त्री अशा वेळी पहिला प्रश्न हाच करतात, "भाऊ, इले डबल स्टँड नाई का? आता मांगचं चाक उचलू कसं?" ट्यूबलेस टायर असेल तर चाक न काढता खिळा उपटून तिथे प्लग भरता येतो, म्हणून त्या गाड्यांचं निभावून जातं. तारांची चाकं आणि आत ट्यूब असेल तर मात्र चाक जमिनीपासून उचलावंच लागतं. शेताच्या रस्त्यावर बाभळीचे काटे कमी नाहीत.

काळ्या मातीचा अनुभव इथे सगळ्यांना आहे. पावसाळ्यात साइड स्टँडचं लहान पाऊल मातीत रुततं आणि क्रेट बांधता बांधता गाडी डावीकडे आडवी होते. डबल स्टँडवर भार दोन पायांवर पडतो, गाडी सरळ असते, दोन्ही बाजूंना ओझं सारखं बांधता येतं. चिखल खोल असेल तर तोही रुततो, मग चपटा दगड किंवा फळी लागतेच. उतारावर तो वापरूच नये. सिल्लेवानी घाटात थांबलात तर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून साइड स्टँडच बरा. आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर खालचा स्टँड आपटतो, ही तक्रारही खरी आहे.

जड गाडी स्टँडवर चढत नाही, असं पुष्कळ लोक म्हणतात. क्लासिक 350 दोनशे किलोंच्या आसपास भरते, तरी ती हातांनी उचलायची नसतेच. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांड्यावर, आणि स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की उजव्या पायावर उभं राहून आपलं सगळं वजन टाकायचं. गाडी आपसूक मागे चढते. एक मात्र कळकळीने सांगतो: स्टँडवर गाडी सुरू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन पुसू नका. फडक्याबरोबर बोटंही स्प्रोकेटमध्ये जातात. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवा.

एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून माझं मत ठाम आहे. ट्यूबची चाकं असतील तर डबल स्टँड हवाच. ट्यूबलेस आणि उघडी चेन असेल, तर कंपनी देत असल्यास पैसे मोजून घ्यावा. कंपनीनेच जागा ठेवली नसेल, तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून फ्रेमला जोडून घेऊ नये. फ्रेम कमकुवत होते आणि वॉरंटीही जाते. बुकिंग करताना रंग आणि एक्सचेंजच्या आधी स्टँडचं विचारा, आणि शोरूमच्या फरशीवर गाडी स्वतः एकदा चढवून बघा.