हवेतला कार्बन स्वतःचं मूळ सांगतो

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर त्याचे थरावर थर चढले, त्यासोबत अफाट कार्बन डायऑक्साइड हवेत गेला आणि पृथ्वी तापली. तेव्हा माणूस नव्हता. त्यामुळे "हवामान आधीही बदलत होतं" असं कुणी म्हटलं, तर ते अगदी खरं आहे. पण त्याला जोडून "म्हणजे आताचंही आपोआपच" असं येतं, तिथे गाडी घसरते. त्या वेळीही आपोआप काही झालं नव्हतं. कारण होतं, आणि ते आपल्या पायाखाली आजही दिसतं. मग आजच्या तापमानवाढीचं कारण कुठे दिसतं, एवढंच शोधायचं.

ज्वालामुखींचा विषय निघालाच आहे, तर तो आधी संपवू. "एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त धूर निघतो" हे वाक्य अनेकदा कानावर पडतं. जमिनीवरचे आणि समुद्रतळाचे असे जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला पन्नास कोटी टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. कोळसा, तेल आणि गॅस जाळून आपण सोडतो सुमारे ३७०० कोटी टन. दख्खनचे लाव्हाही लाखो वर्षं वाहत होते. त्यांची वार्षिक सरासरी काढली तर ती आपल्या आजच्या वेगाच्या जवळपासही येत नाही. उलट १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो फुटला, तेव्हा त्याच्या गंधकयुक्त कणांनी ऊन अडवलं आणि जगाचं सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

याहून चतुर आक्षेप असा : "समुद्र आणि झाडं माणसापेक्षा कितीतरी पट जास्त कार्बन सोडतात." सोडतात, हे बरोबर. पण तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, परतही घेतात. आपण सोडलेल्यातला जवळजवळ निम्मा भाग आज समुद्र आणि वनस्पतीच पोटात घालत आहेत. उरलेला हवेत साठतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा ३१५ च्या आसपास होते. आता ४२० च्या पुढे गेले आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे गेल्या आठ लाख वर्षांचा हिशेब सांगतात. त्यात हा आकडा ३०० च्या वर ठळकपणे कधीच गेलेला नाही.

पण हा वाढीव कार्बन आपलाच कशावरून? या प्रश्नाचं उत्तर मला या साऱ्या विषयातलं सर्वांत देखणं विज्ञान वाटतं. कार्बनचे अणू वजनाने तीन प्रकारचे असतात : १२, १३ आणि १४. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. कार्बन-१३ ची गोष्ट वेगळी. वनस्पती हवेतून हलका कार्बन-१२ पसंत करतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात १३ कमी असतो. आता ताडून पाहा. जंगल जळालं तर १३ कमी, पण १४ शाबूत. ज्वालामुखीच्या वायूत १४ नाही, पण १३ इतका कमी नसतो. दोन्ही खुणा एकदम फक्त जीवाश्म इंधनातच सापडतात, आणि हवेत दोन्हींचं प्रमाण घटत गेलं आहे. हान्स स्यूस यांना १९५० च्या दशकात झाडांच्या वाढवलयांमध्ये कार्बन-१४ ची ही घट दिसली होती. शिवाय इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजनही हवेतून किंचित कमी होत असल्याचं मोजणीत दिसतं. समुद्रातून कार्बन बाहेर पडत असता तर समुद्राची आम्लता वाढली नसती. ती वाढते आहे.

मग सूर्य? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वाढीत त्याचा थोडा हात असू शकतो, हे शास्त्रज्ञ नाकारत नाहीत. पण १९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज थेट मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ते जेमतेम एक हजारांश वर-खाली होतं. चढता कल नाही. तापमान मात्र याच काळात झपाट्याने चढलं. दुसरा पुरावा आणखी बोलका. सूर्यामुळे तापमान वाढलं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा स्थितांबर गार होतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास नेमकं असंच घडेल, हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवलं होतं. मानाबे यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

आणि हिमयुगं? ती पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या सावकाश बदलांनी येतात-जातात. शेवटचं हिमयुग सरताना पृथ्वी साधारण पाच अंशांनी तापली, पण त्याला हजारो वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त वाढ झाली आहे, तीही कक्षेचा कल पृथ्वीला हळूहळू थंडाव्याकडे नेणारा असताना.

ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते, असं शाळेतल्या निबंधांत अजून सापडतं. तो प्रश्न वेगळा आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो थर सावरतो आहे, तापमान मात्र वाढतंच आहे.

आपल्याकडचा एक गैरसमज मात्र नीट पाहायला हवा : "भारत जगाइतका तापलेला नाही, म्हणजे यात काही तथ्य नाही." पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. जगाच्या सरासरीपेक्षा ही वाढ कमी आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्याच कारखान्यांचा, चुलींचा, जाळलेल्या शेतांचा धूर. त्यातले सूक्ष्म कण ऊन अडवतात आणि तापमानवाढीचा काही भाग झाकतात. हे छत्रही माणसानेच धरलेलं आहे, आणि त्याच्यासाठी आपण फुप्फुसांनी किंमत मोजतो आहोत. हे कण काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शेकडो वर्षं वरच राहतो.