विष अडलं पाहिजे, घाम नाही

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात कपाशीला पात्या-फुलं लागली, की फवारणीची घाई सुरू होते. पाठीवर पंप, अंगात जुना सुती शर्ट, तोंडाला रुमाल आणि बहुतेक वेळा अनवाणी पाय, अशा वेशात मजूर कमरेइतक्या, कधी छातीइतक्या वाढलेल्या कपाशीतून दिवसभर चालतो. जळगाव जिल्ह्यात कपाशीचा पेरा कित्येक वर्षं पाच लाख हेक्टरांच्या आसपास राहिला आहे, यावरून अशा माणसांच्या संख्येचा अंदाज यावा. याच जिल्ह्यात भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी कारखाने आहेत. पण लष्कराची गरज वेगळी आणि शेताची वेगळी, असं आपण धरून चालतो. विषारी रसायनांपासून वाचवणाऱ्या कापडाच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. सैनिकाला ज्या विषाची धास्ती असते, त्याचंच सौम्य भावंड फवारणीच्या डब्यात असू शकतं. त्यामुळे असं कापड आधी शेतात टिकायला हवं; तिथे जे टिकणार नाही, ते सैनिकाच्या अंगावरही फार वेळ टिकणार नाही.

भावंड हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ १९३६ साली नवं कीटकनाशक शोधत होता. त्या शोधात त्याच्या हाती टॅबून लागलं आणि १९३८ साली त्याच्याच गटाने सरीन तयार केलं. ही दोन्ही पुढे मज्जासंस्थेवर हल्ला करणारी युद्धरसायनं म्हणून कुप्रसिद्ध झाली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कृषी केंद्रात मिळत आलेली नावं त्याच ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली. मज्जातंतूने स्नायूला संदेश दिला, की तो संदेश पुसून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं. हे विष त्या एन्झाइमला जखडून ठेवतं. मग संदेश पुसलाच जात नाही. डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, लाळ आणि घाम थांबत नाही, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच निकामी होतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. तिथे एकाहून अधिक कुळांची औषधं वापरात होती, मिश्रणं होत होती आणि पीक नेहमीपेक्षा उंच वाढलं होतं. फवाऱ्याचे तुषार थेट अंगावर येत होते. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विष नाकावाटे जातं तसंच कातडीवाटेही जातं, आणि घामाने किंवा औषधाने भिजलेला साधा सुती शर्ट ते कातडीला तासन्‌तास चिकटवून ठेवतो.

कातडीचा हा धोका युद्धाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिला होता. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनांनी क्लोरीन सोडला. चार दिवसांनी त्याच आघाडीवर आपल्या लाहोर डिव्हिजनच्या सैनिकांनाही विषारी वायूला तोंड द्यावं लागलं. तेव्हाचा उपाय म्हणजे द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या घड्या नाकातोंडावर बांधणं. पुढे मुखवटे सुधारले. पण जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड वायू आला आणि मुखवट्याचं महत्त्व अर्ध्यावर आलं. तो कापडातून, कातड्याच्या बुटांतूनही आत शिरून अंगावर फोड आणत असे. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकापासून रावळपिंडीत या वायूचे प्रयोग शेकडो भारतीय सैनिकांवर केले, त्यांतल्या काहींना तर अर्धी चड्डी आणि सुती शर्टात वायूच्या खोलीत पाठवलं. साधा सुती कपडा या रसायनापुढे किती तोकडा आहे, हे त्या सैनिकांच्या भाजलेल्या अंगावर लिहिलं गेलं.

यावर पहिलं उत्तर होतं रबर. ब्यूटाइल रबराचा पोशाख जवळजवळ काहीच आत येऊ देत नाही, पण तो काही बाहेरही जाऊ देत नाही. मेहनत करणारं शरीर घाम वाळवून थंड राहतं. ती वाट बंद झाली, की बाहेरचं विष अडूनही माणूस आतल्या उष्णतेने कोसळू शकतो. म्हणून लष्करांनी हवा खेळती ठेवणारे, सक्रिय कोळशाचे पोशाख आणले. ग्वाल्हेरच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनेही आपल्या सैन्यासाठी असे पोशाख विकसित केले आहेत. बाहेरचा थर तेल-पाण्याचे थेंब निथळवून टाकतो, आतला कोळसा वाफ धरून ठेवतो. एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे भरू शकतो. एवढ्या जागेत बरंच विष मुक्कामाला राहतं. पण अडचणही याच मुक्कामात आहे. कोळसा विष मारत नाही, साठवतो. घाम, धूर, डिझेलची वाफ हेही त्याच छिद्रांत जागा अडवतात. जागा भरली, की कवच संपलं. शिवाय विष शोषलेला पोशाख उतरवणं हीच एक जोखीम होऊन बसते. कपड्यात अडकलेलं विष पुढे दुसऱ्याला कसं बाधतं, ते २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडलं गेलं तेव्हा दिसलं. रुग्णांच्या कपड्यांतून उठलेल्या वाफेने रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला होता.

म्हणून आजच्या संशोधनाचा रोख विष साठवण्यावरून ते कापडातच मोडून टाकण्यावर गेला आहे. काही प्रयोगशाळा झिर्कोनियमयुक्त सच्छिद्र स्फटिक धाग्यांवर चढवून पाहत आहेत. आपल्या देशातलं उदाहरण अधिक ओळखीचं आहे. विषबाधेच्या रुग्णाला ॲट्रोपिनबरोबर ‘पॅम’ हे इंजेक्शन देतात. ते ऑक्झाइम गटातलं औषध असून जखडलेलं एन्झाइम सोडवू पाहतं. बंगळूरच्या ‘इनस्टेम’ संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हाच रासायनिक गट सुती कापडाच्या धाग्याला पक्का जोडला. कीटकनाशकाचा रेणू कापडाला लागला, की त्याचे तिथेच तुकडे पडतात आणि कातडीपर्यंत पोहोचतो तो निरुपद्रवी झालेला अवशेष. ‘किसान कवच’ या नावाने हा पोशाख १७ डिसेंबर २०२४ रोजी जाहीर झाला. किंमत ४,००० रुपये. धुऊन वर्षभर वापरता येईल, असं सांगितलं गेलं. मज्जाविषाच्या कुळावर मात करू पाहणारं कापड आपल्याकडे छावणीसाठी नव्हे, शेतासाठी पुढे आलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

यावर पहिला आक्षेप लष्करी जाणकार घेतील. सरीनचा थेंब आणि पाण्यात मिसळलेलं कीटकनाशक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शेतातला सदरा घालून सैनिकाला वायुहल्ल्यात कसा पाठवणार? आक्षेप बरोबर आहे आणि तसा सदरा पाठवावा, असं मी म्हणतही नाही. सैनिकाला कोळशाचा थर, मुखवटा, हातमोजे लागतीलच. पण भारताने आपला रासायनिक अस्त्रांचा साठा २००९ साली पूर्ण नष्ट केला. रासायनिक अस्त्रबंदीचा करार १९९७ पासून जगभर लागू आहे. सुदैवाने लष्करी पोशाख बहुतांश काळ सीलबंद पाकिटातच राहतो. पाकिटातल्या कापडाला चिखल, खारा घाम, साबण आणि उन्हाचा सलग अनुभव मिळत नाही. तो खानदेशात एका हंगामात मिळेल. विष मोडणारा थर धुण्याने किती झिजतो, शिवण कुठे गळते, काखेत आणि मांडीत कापड किती काचतं, ही माहिती दोन्ही पोशाखांच्या कामाची आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. रोजंदारीवरचा माणूस चार हजारांचा पोशाख घेईल कशाला? त्याने घ्यावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. पंप मालकाचा, औषध मालकाचं, मग अंगरखाच तेवढा मजुराचा का? १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी फवारणी करणाऱ्यांसाठीही योग्य संरक्षक कपडे सांगितले आहेत, आणि ते विष अडवणारे तसंच धुता येणारे असावेत, असंही म्हटलं आहे. अर्ध्या शतकापूर्वीच्या नियमाला साजेसं कापड आता कुठे दिसू लागलं आहे. पंपासारखाच पोशाखही शेतीच्या अवजारांत धरला आणि अनुदानाच्या यादीत आला, तर चार हजारांचा बोजा वाटून घेता येईल.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: माणसाला चिलखत चढवण्यापेक्षा विषच कमी करा. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, किडीची संख्या नुकसानीच्या पातळीवर गेल्यावरच फवारणी, हे मार्ग आधीचेच आणि अधिक चांगले आहेत. कापड ही शेवटची तटबंदी. भरीत भर म्हणजे ऑक्झाइमचा जोर ज्या रसायनांचे असे तुकडे पडू शकतात त्यांच्यावरच चालतो. इमिडाक्लोप्रिडसारख्या वेगळ्या कुळावर तोच भरवसा ठेवता येणार नाही. कवच आहे म्हणून तीन औषधं एकत्र कालवायला मोकळीक मिळाली, असं कोणी समजलं तर कापडच घातक ठरेल. तेव्हा पोशाख कशावर चालतो आणि कशावर नाही, ते त्याच्यावर ठळक मराठीत छापलं पाहिजे. पण शेवटची तटबंदी म्हणून ती बांधूच नये, असं होत नाही. विष कमी होईपर्यंतचे हंगाम कुणाच्या तरी अंगावरूनच जाणार आहेत.

जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र खानदेशापर्यंत आहे आणि कपाशीला तर इथे तोटा नाही. चाचणीची जागा शोधायला दूर जायला नको. कापड किती मिनिटांत किती विष मोडतं, हा आकडा प्रयोगशाळा देईल. भडगावच्या शेतात नोंदवायचा आकडा वेगळा आहे: सकाळी आठला पोशाख चढवलेल्या माणसाने गळ्याचं पहिलं बटण किती वाजता सोडलं. दहा वाजता सुटलं, तर ते कापड अजून तयार झालेलं नाही, मग ते शेतासाठी असो की सीमेसाठी.