शिवालिकचा जबडा आणि माणसाची वंशावळ

हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर नावाचे गाव आहे. १९३२ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठातील तरुण संशोधक जी. एडवर्ड लुईस यांना तिथल्या टेकड्यांत वरच्या जबड्याचा एक लहानसा तुकडा सापडला. १९३४ मध्ये त्यांनी त्या प्राण्याचे नाव ठेवले रामपिथेकस. तीन दशकांनी हाच तुकडा माणसाचा आद्य पूर्वज म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

शिवालिक ही हिमालयाच्या पायथ्याची रांग. उंचावत जाणाऱ्या हिमालयातून नद्यांनी आणलेला गाळ इथे लाखो वर्षे साचत राहिला आणि त्यात प्राण्यांची हाडे गाडली गेली. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे कपी जन्मण्याच्या फार आधीचा. म्हणून कपींचा माग काढायचा तर उत्तरेकडेच जावे लागते. रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ मध्ये पोटवार पठारावरच्या, आजच्या पाकिस्तानातल्या, कपीच्या जबड्याचे वर्णन केले. १९१० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी अशा कपींसाठी शिवापिथेकस हे नाव रूढ केले.

१९६०च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी रामपिथेकसकडे नव्याने पाहिले. आखूड चेहरा, लहान सुळे, दाढांवरचे जाड इनॅमल आणि माणसासारखी गोलसर दंतकमान, ही त्यांची प्रमाणे. त्यातली कमान तुटक्या तुकड्यांवरून अंदाजाने जुळवलेली होती. तरीही निष्कर्ष निघाला, की माणसाची शाखा १.४ कोटी वर्षांपूर्वीच कपींपासून वेगळी झाली होती.

या मताला पहिला हादरा प्रयोगशाळेतून बसला. बर्कलीचे व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना करून १९६७ मध्ये सांगितले, की माणूस आणि चिंपांझी यांची फारकत होऊन जेमतेम ५० लाख वर्षे झाली आहेत. जीवाश्मांच्या अनेक अभ्यासकांनी हे साफ नाकारले.

वादाचा निकाल मात्र जीवाश्मांनीच लावला. पिलबीम यांच्याच पथकाला पोटवारमध्ये शिवापिथेकसचा जवळपास अखंड चेहरा मिळाला. डोळ्यांच्या उभट खोबण्या, त्यांच्यातले अरुंद अंतर आणि आत दबलेला चेहरा, हे सगळे ओरांगउटानशी जुळत होते. रामपिथेकस हा शिवापिथेकसचाच लहान चणीचा नमुना ठरला. जाड इनॅमलवरून माणसाशी थेट नाते सांगता येत नाही, हेही स्पष्ट झाले. १९८२ मध्ये हा चेहरा प्रसिद्ध करताना पिलबीम यांनी आपले आधीचे मत सोडून दिले. हा त्यांचा मोठेपणा विज्ञानाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

माणसाच्या शाखेचे सर्वांत जुने पुरावे आफ्रिकेत मिळतात. चाडमध्ये २००१ साली सापडलेली सहेलअँथ्रोपसची कवटी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची, इथिओपियातील आर्डिपिथेकस ४४ लाख वर्षांपूर्वीचा, आणि १९७४ मध्ये तिथेच हदार इथे मिळालेली प्रसिद्ध ‘लुसी’ ३२ लाख वर्षांपूर्वीची. दोन पायांवर चालणे आधी आले आणि मोठा मेंदू फार नंतर, हे लुसीच्या सांगाड्यामुळे पक्के झाले.

शिवालिकचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. सुमारे सव्वा कोटी ते ८५ लाख वर्षांपूर्वी इथल्या जंगलांत शिवापिथेकस राहत होता. पुढे हवामान बदलले, जंगले आटली, गवताळ माळ पसरले आणि इथले कपी संपले. प्राचीन मातीतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून हा बदल वाचता येतो. गुजरातेत कच्छमध्ये सापडलेल्या जबड्यामुळे या कपींचा वावर दक्षिणेकडेही होता हे २०१८ मध्ये कळले. जम्मूच्या रामनगरजवळ मिळालेल्या एका दाढेवरून २०२० मध्ये ‘कपी रामनगरेन्सिस’ ही नवी जाती मांडली गेली. ती गिबनची पूर्वज असावी असे तिच्या शोधकांचे म्हणणे आहे, त्यावर अजून वाद आहे.

शिवालिकमध्ये दर पावसाळ्यात नवे थर उघडे पडतात. वेळेवर न उचललेली हाडे पुढच्या पावसात झिजून जातात. हरितल्यांगर, रामनगर आणि कच्छमधल्या थरांची दरवर्षी पाहणी व्हायला हवी, त्यांची राखण व्हायला हवी. महाराष्ट्रातील भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही या कामाकडे वळावे.