‘किंबर्ली’च्या पोटातला माल

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध अमेरिकेत जे आंदोलन झालं, त्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण वॉशिंग्टनपासून सुरुवात करतात. साहजिकच आहे. २१ नोव्हेंबर १९८४ रोजी रँडल रॉबिन्सन, मेरी फ्रान्सेस बेरी आणि वॉल्टर फॉन्ट्रॉय हे तिघे दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीत राजदूतांना भेटायला म्हणून गेले आणि तिथेच बसून राहिले. त्यांच्यासोबत गेलेल्या एलिनॉर होम्स नॉर्टन तेवढ्या बाहेर आल्या आणि त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं, की आतली मंडळी आता उठणार नाहीत. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी, वर्तमानपत्रांकडे बातम्यांचा दुष्काळ. अटकेची बातमी देशभर पोचली. पुढे वर्षभराहून अधिक काळ वकिलातीसमोर रोज निदर्शनं, रोज अटका. आर्थर अ‍ॅश पकडला गेला, स्टीव्ही वंडर पकडला गेला, कोरेटा स्कॉट किंग पकडल्या गेल्या. हे सगळं मोठंच होतं, त्याबद्दल वाद नाही.

पण माझं मन या गोष्टीत रमतं ते दुसऱ्या किनाऱ्यावर. तीनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ८० वर ‘नेडलॉइड किंबर्ली’ नावाचं जहाज लागलं. वॉशिंग्टनच्या बैठ्या सत्याग्रहाशी त्याचा काही संबंध नव्हता. गोदी कामगारांनी या जहाजाचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

मला गोदीचं वेड वडिलांमुळे लागलं. ते मुंबई बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारा नग न् नग मोजून वहीत मांडायचा, हे त्यांचं काम. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले, की कुठल्या बोटीच्या कुठल्या हॅचमधून काय निघालं, कुठल्या मुकादमाने कोणाला काम दिलं आणि कोणाला तसंच परत पाठवलं, हे सांगत बसायचे. त्यामुळे कुठल्याही बंदराबद्दल वाचताना माझा पहिला प्रश्न असतो: इथे सकाळी काम कोण वाटतं? सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर फार रंजक आहे, आणि माझ्या मते सगळं रहस्य तिथेच आहे.

१९३४ पर्यंत तिथेही मुकादमशाहीच होती. पहाटे माणसं धक्क्यावर घोळक्याने उभी राहायची, मुकादम बोट दाखवील त्याला काम, आणि बोट आपल्याकडे वळावं म्हणून दारूची बाटली किंवा पगारातला वाटा. त्या वर्षी संप झाला, तो ८३ दिवस चालला. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. तो दिवस तिथले कामगार अजून पाळतात. त्या दिवशी बंदर बंद असतं. संपाचा नेता हॅरी ब्रिजेस हा मूळचा ऑस्ट्रेलियन. त्याला देशाबाहेर काढण्यासाठी सरकारने पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत आलं. संपातून कामगारांना जे मिळालं त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे काम वाटपाचं सभागृह. ज्याच्या नावावर सगळ्यात कमी तास, त्याला आधी काम. काम वाटणाराही कामगारांनी निवडून दिलेला. वशिला नाही, बाटली नाही, आणि कातडीचा रंगही नाही. गोऱ्या-काळ्यांना एकाच संघटनेत घ्यायचं, हे ब्रिजेसने सुरुवातीपासून धरून ठेवलं होतं. त्यामुळे सत्तरच्या दशकापर्यंत या संघटनेच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत, म्हणजे ‘लोकल १०’ मध्ये, कृष्णवर्णीय बहुसंख्य झाले होते.

हे सभागृह मी पाहिलं आहे. फिशरमन्स वार्फजवळ, नॉर्थ पॉइंट स्ट्रीटवर. खेकडे खायला आलेल्या पर्यटकांच्या गर्दीतून दोन गल्ल्या आत गेलं, की लागतं. पर्यटकांतलं कोणी तिकडे ढुंकूनही बघत नाही. दारातच भेटलेल्या एका निवृत्त कामगाराने चौकशी केली. वडील बॉम्बेच्या गोदीत होते म्हटल्यावर त्याने मला आत नेलं. काम वाटपाच्या खिडक्या दाखवल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो पेन्शनचा: तुमच्याकडे गोदीवाल्यांना किती मिळते? जगात कुठेही दोन गोदीवाले भेटले, तरी बोलणं तासाभरात पेन्शनवर येतं, असं वडील म्हणत. इथे तर पाच मिनिटंही लागली नाहीत.

तर १९८४. लोकल १० मध्ये लिओ रॉबिन्सन नावाचा कामगार होता. सोवेटोत १९७६ साली शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या, त्यानंतर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी संघटनेच्या आतच दक्षिण आफ्रिकेतल्या मुक्तिलढ्यांना मदत करणारी समिती काढली होती. चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात शाखेच्या सभेत त्यांनी ‘लास्ट ग्रेव्ह अ‍ॅट डिंबाझा’ हा माहितीपट दाखवला. तो दक्षिण आफ्रिकेत चोरून चित्रित केलेला होता, आणि त्यात तान्ह्या मुलांच्या थडग्यांची रांग आहे. सभेत ठराव आला: दक्षिण आफ्रिकेचा माल उतरवायचा नाही. हॉवर्ड कीलर या गोऱ्या, डाव्या विचारांच्या कामगाराने त्याला नेमकेपणा दिला: सगळ्या मालावर मोघम बहिष्कार नको, एक जहाज धरू.

पुढचा डाव मला फार आवडतो. कामावर गेलंच नाही तर तो संप होतो, आणि करारात मध्येच संप करायला बंदी. म्हणून टोळ्या कामावर गेल्या. हॅच उघडले, इतर देशांचा सगळा माल रीतसर उतरवला. दक्षिण आफ्रिकेचं पोलाद, मोटारींचे भाग, वाइन यांना मात्र कोणी हात लावला नाही. मालकांच्या संघटनेने लवाद बोलावला, लवादाने निकाल कामगारांच्या विरोधात दिला. दुसरी टोळी मागवली, तिनेही तेच केलं. धक्क्याच्या फाटकाबाहेर रोज शेकडो माणसं जमू लागली: विद्यार्थी, पाद्री, शिक्षक, इतर संघटनांचे लोक. शेवटी मालक संघीय न्यायालयात गेले. मनाई हुकूम निघाला, मोठ्या दंडाची तलवार डोक्यावर आली आणि अकराव्या दिवशी माल उतरला.

म्हणजे हरले का? हिशेबाच्या वहीत हरलेच. पण अकरा दिवसांत त्या फाटकाशी जी माणसं एकमेकांना भेटली, ती घरी गेली नाहीत. पुढच्या वसंतात बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं. विद्यापीठाच्या पैशांतले दक्षिण आफ्रिकेशी धंदा करणाऱ्या कंपन्यांचे समभाग विका, ही मागणी. १९८६ च्या जुलैत कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती मान्य केली. रक्कम तीन अब्ज डॉलरांच्या घरातली होती.

आता पार्श्वभूमी, कर्तव्य म्हणून. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि आधीपासूनच असलेल्या भेदाला कायद्याची चौकट मिळाली. कोणी कुठे राहायचं, कोणाशी लग्न करायचं, काय शिकायचं, सगळं वर्णावरून ठरू लागलं. १९६० साली शार्पव्हिलला गोळीबारात ६९ माणसं मेली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली, मंडेला तुरुंगात गेले. अमेरिकन सरकारला सोनं, युरेनियम आणि कम्युनिझमविरोधी मित्र हवा होता, म्हणून ते निषेधापलीकडे फारसं गेलं नाही. बाकी वाचकांना ठाऊक आहेच.

या चौकटीचा खिळा म्हणजे पासबुक. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक कृष्णवर्णीयाने ते सतत जवळ बाळगायचं, त्यात फोटो, आणि ते जवळ नसेल तर तुरुंग. इथे माझी दुसरी आवडती गोष्ट सुरू होते. १९७० च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, पोलरॉइड कंपनीत, कॅरोलाइन हंटर ही तरुण रसायनतज्ज्ञ आणि तिचा सहकारी केन विल्यम्स यांना सूचनाफलकावर एक नमुन्याचं ओळखपत्र लावलेलं दिसलं. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव होतं. आपली कंपनी तिथे काय करते आहे? शोध घेतला तेव्हा कळलं, की मिनिटाभरात फोटो काढून देणारी कंपनीची ओळखपत्रांची यंत्रणा तिथे विकली जाते. दोघांनी पत्रकं चिकटवली: पोलरॉइड काळ्या माणसांना साठ सेकंदांत कैद करतं. कंपनीने चौघांचं पथक दक्षिण आफ्रिकेला पाठवलं, मग वर्तमानपत्रांतून मोठ्या जाहिराती देऊन ‘प्रयोग’ जाहीर केला: सरकारला विक्री बंद, विक्रेत्याकडच्या काळ्या कामगारांना पगारवाढ, शिक्षणाला देणग्या. हंटरला १९७१ मध्ये कामावरून काढलं.

सहा वर्षांनी या प्रयोगाचं पितळ उघडं पाडलं ते इंद्रस नायडूंनी. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दहा वर्षं काढून सुटलेले हे गृहस्थ नंतर पोलरॉइडच्या जोहान्सबर्गमधल्या विक्रेत्याकडे नोकरी करत होते. माल सरकारलाच जात होता. खोक्यांवर नाव नाही आणि बिल एका औषधाच्या दुकानाच्या नावाने! कागद अमेरिकेत पोचले, नोव्हेंबर १९७७ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’मध्ये बातमी आली आणि पोलरॉइडने दक्षिण आफ्रिका सोडली. हे इंद्रस म्हणजे थंबी नायडूंचे नातू. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात गांधीजींच्या खांद्याला खांदा लावून पुनःपुन्हा तुरुंगात गेलेले ते थंबी नायडू. वंशावळीचा मला एरवी शौक नाही, पण इथे थांबावंसं वाटतं.

नाही तरी विषयांतर झालंच आहे, तर आणखी एक धागा. दांडी यात्रेत चाललेले कृष्णलाल श्रीधराणी पुढे न्यूयॉर्कला शिकायला गेले आणि १९३९ मध्ये त्यांनी सत्याग्रहाच्या तंत्रावर ‘वॉर विदाउट व्हायोलन्स’ हे पुस्तक लिहिलं. ते शिकागोतल्या ज्या तरुणांनी अक्षरशः पाठ्यपुस्तकासारखं वापरलं, त्यांत जॉर्ज हाउजर होते. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अन्यायी कायदे मोडण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा याच हाउजरनी वॉल्टर सिसुलूंशी पत्रव्यवहार केला, पैसे जमवले, आणि त्यातून अमेरिकन कमिटी ऑन आफ्रिका उभी राहिली. नायडूंचे कागद जगासमोर आणले ते याच कमिटीने. म्हणजे डर्बन-जोहान्सबर्गहून निघालेली कल्पना साबरमती, दांडी, न्यूयॉर्क, शिकागो करत परत घरी. आणि या कमिटीला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीतून सतत साथ देणारा माणूस कोण? आंध्रातून न्यूयॉर्कला शिकायला आलेले ई. एस. रेड्डी. त्याआधी, १९४६ साली, भारतानेच दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, पुढे आपल्या राज्यपाल झालेल्या.

दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारा अमेरिकन कायदा अखेर १९८६ मध्ये झाला. ओकलंडचे प्रतिनिधी रॉन डेलम्स १९७२ पासून निर्बंधांचं विधेयक मांडत होते. त्यांचे वडील गोदी कामगार, हे मी मुद्दाम नोंदवतो. रेगन यांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहाने तो ३१३ विरुद्ध ८३ मतांनी आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी उलटवला. खरा दणका मात्र त्याच्या आदल्या वर्षी बसला होता, असं मला वाटतं. चेस मॅनहॅटन बँकेने १९८५ च्या उन्हाळ्यात कर्जांची मुदत वाढवायचं थांबवलं, इतर बँका मागोमाग गेल्या, रँड कोसळला आणि प्रिटोरियाने सप्टेंबरात परतफेडच थांबवली. बँकेने हे नैतिकतेपोटी केलं नव्हतं, जोखीम परवडेना म्हणून केलं. पण याच बँकेच्या दारात विद्यार्थी १९६५ मध्येच बसले होते, आणि ही जोखीम वाढवण्यात वीस वर्षांच्या कटकटीचा वाटा होता.

लिऑन सलिव्हन यांच्या तत्त्वांबद्दल मी फार लिहिणार नाही. कंपन्यांनी तिथेच राहून आपल्या कामगारांना बरं वागवावं, असं हे पाद्री १९७७ पासून सांगत होते. दहा वर्षांनी त्यांनी स्वतःच ते पुरेसं नाही म्हणून सोडून दिलं. ते पुरेसं नाही, हे पोलरॉइडच्या ‘प्रयोगा’ने आधीच दाखवून दिलं होतं.

मंडेला सुटले आणि ३० जून १९९० रोजी ओकलंडच्या स्टेडियमवर आले. हजारोंच्या त्या सभेत त्यांनी लोकल १० चं नाव घेऊन आभार मानले. गंमत अशी, की अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून त्यांचं स्वतःचं नाव निघायला २००८ साल उजाडलं.

ज्यांना अधिक वाचायचं आहे, त्यांनी इंद्रस नायडूंचं ‘आयलंड इन चेन्स’ मिळवावं. रॉबेन बेटावरच्या दगडखाणीचं इतकं थेट वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. कोणी मराठी प्रकाशक मनावर घेणार असेल, तर माझी प्रत त्याला द्यायला मी तयार आहे, पानांच्या कडेला पेन्सिलीने केलेल्या खुणांसकट.